दवाखाना येतोय

प्रांताच्या नकाशावर पिल्कुए बेट नव्हतं असं नाही. होतं. पण नकाशाच्या कोपऱ्यात रंगांचे अर्थ सांगणारी जी चौकट छापतात, ती नेमकी बेटावर आली होती. बैठकीच्या खोलीत भिंतभर लावलेल्या त्या नकाशाकडे ओतिलिया चिगुआय बराच वेळ बघत बसली. आपलं चर्च, आपली बटाट्याची शेतं, आपली सगळी माणसं 'प्रस्तावित औद्योगिक क्षेत्र' लिहिलेल्या जांभळ्या ठिपक्याखाली गाडली गेलीत हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिला आधी हसू आलं आणि मग राग आला.

ती पिल्कुएची निवडून आलेली नगराध्यक्ष होती. आधी लाँच, मग बस, मग मोठी फेरीबोट आणि पुन्हा बस, असं करत ती प्रांताच्या मुख्य शहरात पोचली होती. आल्यापासून तिच्या पायातल्या रबरी बुटांकडे सगळे मोठ्या सौजन्यानं दुर्लक्ष करत होते.

"धक्का एकच मिळणार आहे," नियोजन खात्याचे प्रमुख आल्मोनासिद म्हणाले. नीटनेटका माणूस, चष्मा सतत पुसणारा. मनानं वाईट नव्हता. त्यानं फक्त बेटं कागदावर पाहिली होती. "गाड्या नेणारी बोट लागेल असा पक्का धक्का. आतल्या समुद्रासाठी एक. अर्ज दोन आलेत, तुमचा आणि किल्मोचा."

किल्मो म्हणजे खाडीच्या तोंडासमोर, मोठ्या बेटावरचं गाव. तिथे रस्ता होता, बाजार होता आणि पिल्कुएला नावं ठेवायला वेळही होता.

"अट तुम्ही वाचली असेल," आल्मोनासिद पुढे म्हणाले. "धक्क्याला लागूनच एखादी चालू सार्वजनिक सेवा हवी. शाळा, दवाखाना, काहीही. ओसाड खडकावर प्रांत पैसा ओतत नाही."

"आमचा दवाखाना आहे की."

"तो खाडीच्या अलीकडे. तिथे गाळ. खोल पाणी आहे पलीकडे, मेल्गाच्या टोकाला. तिथे काय आहे?"

"समुद्रपक्षी," ओतिलिया म्हणाली. "मग तिथे नवा दवाखाना बांधू द्या."

"नवी इमारत प्रांताच्या अखत्यारीत येते. आधी गरजेचा अभ्यास, मग क्रमवारी, मग निविदा. काही वर्षं जातात त्यात. धक्क्याचा निर्णय याच शरद ऋतूत होईल. मी स्वतः पाहणीला येणार आहे."

"आणि आहे तो दवाखाना कुणाच्या अखत्यारीत?"

"इमारत तुमचीच, नगरपालिकेची," आल्मोनासिद म्हणाले. तिला तेवढंच बरं वाटावं म्हणून त्यांनी वर जोडलं, "ती कुठे असावी हे तुम्हीच ठरवायचं."

ओतिलियानं कोटाची बटणं लावली, आभार मानले आणि ती निघाली. चहा घेऊन जा असं ते म्हणत होते, पण तिला आता घाई झाली होती.

परतीच्या लाँचमध्ये ती पुढच्या फळीवर एकटी बसली. तिला आई आठवत होती. दवाखाना ज्या जुन्या बंदरावर आहे तिथली खाडी मोठ्या भूकंपानंतर गाळानं भरली. ओहोटी लागली की पायरीपासून पाण्यापर्यंत नुसता चिखल, माणूस मांडीपर्यंत रुततो. आईची छाती दुखायला लागली त्या दिवशी रुग्णांची लाँच वेळेवर आली होती. समोर दिसत होती. पण तिच्यापर्यंत जायला वाट नव्हती. भरतीची वाट बघता बघता आई दवाखान्याच्या पायरीवर, एका दाराच्या फळीवर पडल्या पडल्या गेली. ओतिलियाचा हात तिच्या हातात होता आणि लाँचवाला लांबून दोन्ही हात हलवत होता. हे ओतिलियाला कधी विसरता आलं नाही, आणि विसरायचंही नव्हतं. धक्का हवा म्हणून ती निवडणुकीला उभी राहिली. दुसरं काही कारण नव्हतं आणि प्रचारात तिनं दुसरं काही सांगितलंही नव्हतं.

धक्का किल्मोला गेला तर प्रांताच्या आराखड्यातलं पुढचं वाक्य ठरलेलं होतं: पिल्कुएच्या आरोग्याची सोय किल्मोतून होईल. म्हणजे आहे तो दवाखानाही जाणार.

होविनो काका अंगणात लाकडं फोडत होते. ओतिलियाच्या वडिलांचे धाकटे भाऊ, आणि बेटावरच्या प्रत्येक हललेल्या घराला हुकूम सोडलेला माणूस.

"काका, दवाखाना ओढता येईल?"

"कुठे?"

"मेल्गाला."

"खाडीपलीकडे?" काकांनी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतवली. "म्हणजे तरंगवत."

"हो."

"चल, बघू."

हसले नाहीत, कारण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. चिलोएच्या बेटांवर माणूस घर सोडत नाही, घर घेऊन जातो. भावाभावांत फाटलं, समुद्र फार जवळ आला, लेक लांब दिली, की घराखाली दोन लांब ओंडके घालायचे, बैल जुंपायचे आणि अख्ख्या गावानं दोर धरायचा. याला मिंगा म्हणतात. मजुरी नाही. ज्याचं घर त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं आणि ज्यांनी हात दिला त्यांना कधी ना कधी हात परत करायचा. तो हात परत करायचा राहिला तर माणसाला झोप लागत नाही, निदान लागू नये अशी अपेक्षा असते.

काकांनी दवाखान्याभोवती फेरी मारली. भोपळा घेताना वाजवून बघतात तशी त्यांनी भिंत बोटांनी वाजवली. आतून परिचारिका रोसेंदा बाहेर आली. दारात ती उभी राहिली की दार दिसत नसे.

"काय वाजवताय? आत माणसं आहेत."

"रोसेंदा, तुला हलवायचंय."

"मला हलवायला अख्खं गाव लागेल, काका."

"गावच लावणार आहे."

सगळं ऐकून घेतल्यावर रोसेंदानं एकच अट घातली. लसींचा फ्रीज ती दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नव्हती. फ्रीज आत राहणार आणि ती फ्रीजशेजारी राहणार. "बुडालो तर लसीसकट बुडू," ती म्हणाली.

"हाडं मजबूत आहेत इमारतीची," काका परत येताना म्हणाले. "उताराला खाली न्यायला आपल्या जोड्या पुरतील. पण पलीकडे चढण आहे. तिथे बैल लागतील, बैल. आपल्याकडे आहेत ते माझ्यासारखे, बसले की उठवावे लागतात."

"ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टर झटका देतो. झटक्यानं घराच्या सांध्यांचा खुळखुळा होतो. बैल दमानं ताण घेतो, घराला कळतही नाही ते कधी निघालं. तसे बैल आता एकाकडेच आहेत. नाव घेऊ?"

"नका घेऊ," ओतिलिया म्हणाली.

नाव होतं रेमिहियो मान्सिया. किल्मोचा नगराध्यक्ष.

जायचं म्हटल्यावर तिला स्वतःच जावं लागणार होतं. मिंगाची विनवणी दारात उभं राहून, तोंडानं करायची असते. फोनवर विनवणी करणाऱ्याच्या घराला इथे कुणी दोर लावत नाही, मग तो अध्यक्ष असो की बिशप.

रेमिहियो गोठ्यात बैलांना सफरचंदाचा चोथा घालत होता. काय बैल होते ते! तांबूस, रुंद कपाळाचे, खांदे दगडासारखे. ओतिलियाची नजर धन्यापेक्षा आधी त्यांच्यावर गेली, आणि ते धन्याच्याही लक्षात आलं.

"या अध्यक्षबाई," तो म्हणाला. "धक्क्याबद्दल असेल तर मी बोलणार नाही. आमचा वकील बोलेल. गावाला वकील परवडला की कळवतो."

"रेमिहियोदादा, मी अध्यक्ष म्हणून आलेली नाही. एलिसेओ चिगुआयची मुलगी म्हणून आलेय. विनवणी आहे. घर ओढायचंय."

रेमिहियोचा हात चोथ्यात थांबला. त्याच्या आईच्या घराखालची जमीन समुद्रानं खायला घेतली होती तेव्हा हाच एलिसेओ आपले बैल पडावात घालून मधलं पाणी ओलांडून आला होता आणि दिवसभर उन्हापावसात दोराला होता. तो हात परत करायच्या आत एलिसेओ वारला. ही गोष्ट किल्मोत सगळ्यांना माहीत होती आणि रेमिहियोसमोर कुणी काढत नसे.

"कुणाचं घर?" त्यानं विचारलं.

"दवाखान्याचं. मेल्गाच्या टोकाला न्यायचंय."

तो काही मूर्ख नव्हता. त्याला लगेच सगळं उमगलं. "म्हणजे माझ्याच बैलांनी माझाच धक्का ओढून तुझ्या दारात न्यायचा."

"हो."

"आणि हे तू माझ्या तोंडावर सांगतेस?"

"खोटं बोलून मागितलेला हात मी परत कसा करू?"

रेमिहियोनं तिच्याकडे पाहिलं, मग बैलांकडे. घरात जाऊन त्यानं चिचा, सफरचंदाची घरगुती दारू, आणली आणि ग्लास भरला. विनवणी मान्य असली की घरधनी पहिला घोट घेतो. त्यानं ग्लास कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"वारा कसा राहतो बघू," तो म्हणाला.

बेटावर याचा अर्थ होही होत नाही आणि नाहीही होत नाही. ओतिलियानं मान डोलावली आणि ती लाँचकडे निघाली. मागे वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तरी वळली. ग्लास खांबावरच होता.

गावची सभा चर्चमध्ये भरली आणि चांगलीच गाजली. जुन्या बंदरावरच्या बायका म्हणाल्या, दवाखाना पलीकडे गेला की आम्ही खाडीला वळसा घालून तंगड्या तोडायच्या का? ओतिलिया म्हणाली, हो, तोडायच्या. तिनं गोड बोलून झाकलं नाही. वळसा घालावा लागेल, पण तिथून पुढे बोट असेल. इथे दवाखाना पायरीशी आहे आणि पुढे चिखल आहे. माझ्या आईचं काय झालं ते या पायरीवर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मग एक म्हातारी मागच्या बाकावरून म्हणाली, "जेवायला काय आहे ते सांगा." ठराव मंजूर झाला असं काकांनी धरलं.

घर तरंगवायचं तर सगळ्यात मोठं उधाण लागतं, आणि ते तिथीप्रमाणे येतं. नेमका त्याच दिवशी आल्मोनासिदसाहेबांचा दौरा ठरल्याचा निरोप आला. ओतिलियानं तारीख बदलून मागितली. साहेबांचा कार्यक्रम निश्चित आहे असं तिकडून उत्तर आलं.

"उधाणाचाही निश्चित आहे," काका म्हणाले. "दोघांपैकी एकही हलणार नाही. मग दवाखानाच हलवू."

त्या दिवशी वारा खरोखरच बरा होता. ओहोटीत दवाखान्याखाली ओंडके सरकवून बेटावरच्या म्हाताऱ्या बैलांनी तो उतारावरून खाली, चिखलाच्या काठापर्यंत नेला. काकांच्या हुकमानं रिकामी पिंपं चारी बाजूंनी आवळून बांधली गेली. खिडक्यांच्या काचा काढल्या, आतून भिंतींना आधाराच्या आडव्या फळ्या ठोकल्या, धुराडं उतरवलं. रोसेंदा फ्रीजशेजारी खुर्ची टाकून बसली आणि तिनं विणकाम काढलं. मग पाणी आलं. पायऱ्यांपर्यंत, उंबऱ्यापर्यंत आलं. लाकूड एकदा करकरलं आणि घर उचललं गेलं.

मेल्गाच्या टोकावर तोवर कुरांतोचा खड्डा पेटला होता. तापलेल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे आणि मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकऱ्या, रचून वर पांगीची रुंद पानं अंथरली होती. त्यांच्या फटींतून वाफ निघत होती. आल्मोनासिद लाँचमधून उतरले ते थेट त्या वासात. अंगात स्वच्छ जॅकेट, हातात टॅबलेट. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. खडक, गवत, बायका, धूर.

"बाई, दवाखाना कुठाय? येताना जुनं बंदर लांबून पाहिलं मी, तिथे तर नुसती मोकळी जागा आहे."

ओतिलियानं खाडीकडे बोट केलं. "येतोय."

आल्मोनासिद वळले. दोरांनी ओढणाऱ्या लाँचींच्या मागून, माणूस चालतो त्याहून हळू, लाल पत्र्याचं पांढरं घर पाण्यावरून येत होतं. दारावरचा क्रॉस स्पष्ट दिसत होता. पुढच्या लाँचमध्ये कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. खिडकीत रोसेंदा विणत बसलेली दिसत होती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. घर तरीही येतच होतं.

"याला परवानगी कुणी दिली?"

"तुम्हीच, साहेब. इमारत आमची, ती कुठे असावी ते आम्ही ठरवायचं."

"मी ते... तसं नव्हतं म्हणायचं मला," ते म्हणाले. मग त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. "हे बघा बाई, पाण्यात तरंगणारा दवाखाना मला आराखड्यात धरता येणार नाही. जमिनीवर हवा आणि चालू हवा. दुपार उलटली की माझी लाँच निघते."

"धरू नका," ओतिलिया म्हणाली. "जमिनीवर आल्यावर धरा."

बोलली खरी, आणि मान वळवून तिनं खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. किल्मोच्या दिशेला समुद्र रिकामा होता.

ऐन भरतीला घर किनाऱ्याला लागलं. खाडीला वळसा घालून आणलेल्या म्हाताऱ्या जोड्या जुंपल्या. काकांनी हाक दिली, माणसांनी दोर धरले आणि घराचं तोंड पाण्याबाहेर आलं. लोक ओरडले. आणखी थोडं आलं. मग एका ओंडक्याचं टोक वाळूखालच्या गोट्यांत घुसलं आणि घर थांबलं. पुन्हा ओढलं. एक दोर ताडकन तुटला, ओढणारे एकमेकांवर पडले आणि पुढच्या जोडीतला बैल गुडघ्यांवर बसला.

"उठव त्याला," काका म्हणाले. पण त्यांचं लक्ष बैलाकडे नव्हतं, पाण्याकडे होतं.

पाणी वळलं होतं. पुढचा भाग वाळूवर, मागचा तरंगता. आणखी थोडं पाणी उतरलं की मागचा भार लोंबकळणार आणि मधोमध कणा मोडणार. ओतिलियाला वाटलं, दवाखाना आपणच मोडला. चिखलात का असेना, उभा होता. आपण तो उचलून आणला आणि इथे सगळ्यांसमोर मोडला. तिला रडू फुटेल असं झालं, आणि आल्मोनासिद शेजारी उभे होते म्हणून तिनं ते गिळलं.

तेवढ्यात बायकांमधून कुणीतरी ओरडलं.

टोकाला वळसा घालून एक रुंद पडाव येत होता. त्यात तांबूस बैल दाटीनं उभे होते. शिंगांच्या पुढे रेमिहियो मान्सिया उभा होता, खांद्यावर पराणी. मागे किल्मोची माणसं, एवढी की पडाव काठोकाठ भरला होता. पडाव वाळूला घासला. रेमिहियोनं कुणाला नमस्कार केला नाही. बैलांना उथळ पाण्यात उतरवत तो ओतिलियाजवळून गेला तेव्हा एवढंच म्हणाला, "वारा बरा आहे."

मग सगळंच भराभर झालं. जुवं जोडली, साखळ्या अडकवल्या, काकांनी प्रत्येक जोडीच्या कानाशी जाऊन काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. घर तिरकं होऊ नये म्हणून बाजूनं एक लांब दोर ताणून धरावा लागतो. त्या दोराजवळ आल्मोनासिद उभे होते. मिंगाच्या दिवशी दोराजवळ जो उभा असतो तो ओढायला आलेला असतो, यापलीकडे काकांना काही कळत नव्हतं. त्यांनी दोर उचलून साहेबांच्या हातात दिला.

"मी... मी प्रांताचा आहे," आल्मोनासिद म्हणाले.

"असू दे. धरा घट्ट."

त्यांनी ओतिलियाकडे पाहिलं. "बाई, मला तटस्थ राहायला हवं."

"तटस्थच राहा, साहेब. घर ना इकडे जावं ना तिकडे, म्हणून तर तो दोर आहे," ओतिलिया म्हणाली. मग तिनं त्यांच्यासमोर उभं राहून रीतसर सांगितलं, "विनवणी आहे. घर ओढायचंय."

आल्मोनासिदांनी टॅबलेट कुरांतो लावणाऱ्या बाईच्या हातात दिला. तिनं तो बटाट्याच्या टोपलीत ठेवला. त्यांनी जॅकेटच्या बाह्या सरकवल्या आणि दोर धरला.

काकांनी हाक दिली. पराण्या उठल्या. किल्मोच्या बैलांनी माना खाली घातल्या आणि ताण घेतला, दमानं, कुठेही झटका नाही. दोर ताठ झाले. पिल्कुएचे आणि किल्मोचे, एरवी फुटबॉलच्या मैदानात एकमेकांच्या आईवर येणारे, खांद्याला खांदा लावून टाचा रोवून मागे झुकले. गोटे करकरले. ओंडका हलला. बाजूच्या दोरावर आल्मोनासिदांच्या तोंडून असा एक शब्द निघाला की जो प्रांताच्या कुठल्याही आराखड्यात सापडणार नाही, आणि घर वाळूतून वर आलं. पायऱ्या आल्या, पिंपं आली, मागची भिंत ठिबकत आली. काका पुढे उलटे चालत हाका मारत होते आणि घर त्यांच्या मागून गवताच्या चढावर चढत होतं. कुठे म्हणून थांबलं नाही. दवाखान्यासाठी मोकळ्या केलेल्या जागेवर आलं तेव्हा काकांनी दोन्ही हात वर केले. सगळे बैल एकदम थांबले.

मग जो आवाज झाला तो किल्मोच्या बाजारात ऐकू गेला असं म्हणतात. किल्मोचे सगळे इथेच होते, तेव्हा तिकडे ऐकलं कुणी ते विचारू नये. ओतिलियानं होविनो काकांना मिठी मारली आणि आता मात्र ती रडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

खड्डा उघडला. वाफेचा लोट उठला आणि माणसं ताटल्या घेऊन बसली. ओतिलिया चिचाचा ग्लास घेऊन रेमिहियोकडे गेली.

"दादा, तुमचा हात परत झाला. पण धक्का गेला तुमचा."

"कुठे गेला?" रेमिहियोनं शिंपला फोडला. "तू गेल्यावर मी गोठ्यात बसून विचार केला. समज धक्का आमच्याकडे झाला. बोट आमच्याकडून निघणार. जाणार कुठे? तुमच्या चिखलात? दावणीला बांधलेल्या गाईसारखी उभी राहील तिथेच. आणि तुमच्याकडे झाला तर? बोट रोज येणार आमच्याकडेच. मासळीसाठी बांधलेला दगडी उतार आहे आमचा, बोटीला पुरतो. तुमचे बटाटे, तुमचे शिंपले, तुमच्या बाया खरेदीला, सगळं माझ्या बाजारात. मी काय संत वाटलो तुला?"

आल्मोनासिद जवळच गवतावर बसले होते. त्यांनी मान वर केली. "मग तुम्ही स्वतःसाठी अर्ज का केला?"

"तुमच्या कागदात विचारलं होतं साहेब, तुम्हाला देऊ की त्यांना. 'त्यांना द्या' असं कुठला अध्यक्ष लिहील? दोघांना मिळून काय हवं, असं विचारलंच नव्हतं कुणी."

आल्मोनासिदांनी तोंडाशी नेलेला शिंपला ताटलीत परत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "इमारत जमिनीवर आली, मान्य. पण अट चालू सेवेची आहे, बाई. नुसती भिंत मला चालत नाही."

आतून फळ्या उपटल्याचा आवाज आला. दार उघडलं आणि दारभर रोसेंदा उभी राहिली. "कुणाला काही झालंय का?" तिनं विचारलं. सगळ्यांच्या माना आल्मोनासिदांकडे वळल्या. त्यांनी ताटली धरलेला हात उलटा करून पाहिला. तळव्याची कातडी दोरानं सोलून निघाली होती. दुसऱ्या हाताचीही तीच गत होती.

"या आत," रोसेंदा म्हणाली. "आणि बूट पुसा. एवढ्यात आलाय दवाखाना."

तिनं त्यांना बाकावर बसवलं, जखमा धुतल्या, मलम लावलं. "कशानं झालं?" तिनं विचारलं, कारण ते विचारावंच लागतं.

"दवाखाना ओढताना," आल्मोनासिद म्हणाले.

तिनं दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या बांधल्या, इतक्या जाड की बोटं दिसेनाशी झाली. ते बाहेर आले आणि दारात थांबले. ओतिलियाकडे पाहून म्हणाले, "चालू आहे." मग टोपलीतला टॅबलेट मागवला आणि तो धरताही येईना म्हणून तिच्याकडेच दिला. "मी सांगतो, तुम्ही टाइप करा. धक्का, मेल्गाचं टोक. समोरचा उतार, किल्मो. दोन्ही मिळून एकच काम." ती टाइप करत असताना रेमिहियो खांद्यावरून वाकून स्पेलिंग तपासत होता.

"आणि ती नकाशावरची चौकट, साहेब," ओतिलिया म्हणाली. "आमच्या बेटावर बसलीय ती. तीही हलवा."

"हलवतो," आल्मोनासिद म्हणाले. "तिला बैल नाही लागणार."

ते लाँचकडे गेले. अकॉर्डियन पुन्हा सुरू झालं आणि किल्मोच्या कुणीतरी पिल्कुएच्या म्हातारीला नाचायला उठवलं. ओतिलिया दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. पायरी तीच होती, तिच्यावरचा आईच्या हाताखालचा घासलेला कोपराही तोच. तिनं त्यावर हात ठेवला. समोर, हाकेच्या अंतरावर, लाँच उभी होती आणि लाँचवाला पट्ट्या बांधलेल्या साहेबांना हात धरून आत घेत होता. ओहोटी केव्हाच लागली होती. पण लाँचखालचं पाणी कुठेही गेलं नव्हतं.